स्थिर वेगातील मोटारसायकल प्रवास : कंपन, वारंवारिता आणि चालकाचा आराम

प्रस्तावना

नाशिकहून मुंबई सुमारे १६५ किलोमीटर आणि पुणे सुमारे २१० किलोमीटर अंतरावर आहे. ही दोन्ही अंतरे मोटारसायकलवर एका दिवसात जाऊन येण्याच्या मर्यादेतील मानली जातात. याखेरीज सिन्नर, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर या बाजूंनी सातपूर व अंबडच्या औद्योगिक वसाहतींत रोज पंचवीस-तीस किलोमीटर अंतर दुचाकीवरून कापणारा कामगारवर्ग मोठा आहे. समृद्धी महामार्ग नाशिक जिल्ह्यातून सिन्नर व इगतपुरीमार्गे जात असला तरी त्यावर दुचाकींना प्रवेश नाही. त्यामुळे दुचाकीस्वाराचा दीर्घ प्रवास आजही जुन्या मुंबई-आग्रा महामार्गाने, कसारा घाटातून किंवा पुणे रस्त्यानेच होतो.

असा प्रवास संपल्यावर चालकाच्या तक्रारी ठरावीक असतात. बोटांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, तळपाय झिणझिणतात, कंबर आखडते. या सर्वांना बोलीभाषेत एकच शब्द आहे, 'गाडी व्हायब्रेट मारते'. उपायही बहुधा एकच केला जातो, तो म्हणजे सीट बदलणे किंवा सीटवर जाड गादी टाकणे. गादीने कंबरेला थोडा दिलासा मिळतो, बोटांना मात्र काहीच मिळत नाही. याचे कारण असे की या तक्रारींमागे दोन वेगळी कंपने आहेत. त्यांचे उगम वेगळे, वारंवारिता वेगळी आणि शरीरात शिरण्याच्या वाटाही वेगळ्या आहेत. प्रस्तुत लेखात या दोहोंचा उलगडा करून, एखाद्या गाडीचा आराम हा तिच्या बनावटीइतकाच चालकाने निवडलेल्या वेगावर का अवलंबून असतो याचे विवेचन केले आहे.

रस्त्याचे कंपन

रस्त्याचा पृष्ठभाग कितीही गुळगुळीत भासला तरी त्यावर चढ-उतारांच्या लहान-मोठ्या लाटा असतात. गाडीचा वेग आणि लाटेची लांबी यांच्या भागाकारातून कंपनाची वारंवारिता मिळते. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. या वेगाने जाणाऱ्या चाकाला दर ३.३ मीटरवर एक उंचवटा लागला, तर चालकाला सेकंदाला पाच धक्के, म्हणजेच ५ हर्ट्झचे कंपन मिळेल.

हा पाचचा आकडा महत्त्वाचा आहे. बसलेल्या मानवी शरीराची उभ्या दिशेतील नैसर्गिक वारंवारिता ५ हर्ट्झच्या आसपास आहे, म्हणजे या वारंवारितेला धड व पोटातील अवयव कंपनाला साथ देऊन ते वाढवतात. संपूर्ण शरीरावरील कंपनाच्या मापनासाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९९७ साली सुधारलेले २६३१-१ हे मानक वापरले जाते. त्यातही उभ्या दिशेच्या कंपनाला ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वाधिक भार दिलेला आहे. याच मानकानुसार ०.३१५ मीटर प्रति वर्ग सेकंदापेक्षा कमी भारित त्वरण त्रासदायक वाटत नाही, ०.८ ते १.६ या पट्ट्यात ते 'त्रासदायक' ठरते आणि २ च्या पुढे 'अतिशय त्रासदायक'.

सिमेंट काँक्रीटच्या रस्त्याचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. अशा रस्त्यात आकुंचनासाठी ठेवलेले सांधे साधारणतः साडेचार मीटर अंतरावर असतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी असे सांधे सेकंदाला जवळजवळ पाच वेळा ओलांडते. सांधे नीट भरलेले नसतील तर रस्ता दिसायला आरशासारखा आणि बसायला मात्र नकोसा होतो. वेग ६० वर आणल्यास हीच वारंवारिता ३.७ हर्ट्झवर उतरते आणि त्रास कमी होतो.

रस्त्याच्या कंपनावर उपाय करण्याची साधने परिचित आहेत. टायरमधील हवा, पुढील फोर्क, मागील शॉकअब्जॉर्बर आणि सीट ही ती साधने होत. यांपैकी पहिल्या साधनाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. सीटची गादी या साखळीत सर्वांत शेवटी येते, आणि ती फार मऊ असल्यास पाच हर्ट्झच्या आसपासचे कंपन कमी करण्याऐवजी वाढवूही शकते. मागे माणूस बसवूनही मागील स्प्रिंगचा ताण तसाच ठेवणे ही नित्याची चूक आहे. तसे केल्यास स्प्रिंग आधीच दबलेली राहते आणि खड्ड्यात तिची चाल संपून धक्का थेट मणक्याला बसतो. २००९ साली तैवानमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुचाकीस्वाराच्या वाट्याला येणारे संपूर्ण शरीराचे कंपन मोटारचालकापेक्षा बरेच अधिक असल्याचे आढळले होते. याचे आश्चर्य वाटू नये, कारण दुचाकीला चाकांमधील अंतर कमी, वजन कमी आणि पाठीला टेकू नाही.

इंजिनाचे कंपन

हात-पाय बधिर करणारे कंपन रस्त्यातून येत नाही, ते इंजिनातून येते. भारतातील बहुसंख्य मोटारसायकली एकाच सिलिंडरच्या आहेत आणि हा प्रश्न मुळातून समजून घ्यावयाचा तर एक सिलिंडरच्या इंजिनापासूनच सुरुवात करावी लागते.

सिलिंडरमधील पिस्टन प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबतो आणि दोनदा दिशा बदलतो. त्याला थांबविण्यासाठी व उलट फिरविण्यासाठी लागणारे बल क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवाटे इंजिनाच्या खोक्याला, तेथून चौकटीला आणि चौकटीतून हँडल व फूटरेस्टला पोहोचते. हे बल तीन गोष्टींवर अवलंबून असते. त्या म्हणजे वर-खाली होणाऱ्या भागांचे वस्तुमान, क्रँकची त्रिज्या (पिस्टनच्या चालीच्या निम्मी) आणि फिरण्याच्या वेगाचा वर्ग. फेऱ्यांची संख्या दुप्पट झाली की बल चौपट होते, ही या विषयातील सर्वांत परिणामकारक बाब होय.

जुन्या बुलेट ३५० या गाडीचे उदाहरण घेऊ. तिच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर व पिस्टनची चाल ९० मिलिमीटर होती, म्हणजे क्रँकची त्रिज्या ४५ मिलिमीटर. वर-खाली होणाऱ्या भागांचे वस्तुमान ४०० ग्रॅम गृहीत धरल्यास, मिनिटाला ४००० फेऱ्यांना जडत्वबलाचे महत्तम मूल्य सुमारे ३१५० न्यूटन येते. हे ३२० किलोग्रॅम वजनाइतके झाले, म्हणजे खुद्द गाडीच्या वजनाहूनही बरेच अधिक. २००० फेऱ्यांना हेच बल ८० किलोग्रॅम वजनाइतके असते. बुलेट मंद गतीने चालविताना जी शान वाटते आणि तिला पळवू लागताच जो कंप जाणवतो, त्या दोहोंचा खुलासा या चौपटीत आहे. बुलेटचे शौकीन या कंपाला दोष न म्हणता गाडीचा स्वभाव म्हणतात. आवडीनिवडीच्या क्षेत्रात तर्काला फारसा अधिकार नसला तरी सुन्न झालेल्या बोटांना हा भेद कळत नाही.

शंभर सीसीच्या गाड्यांत पिस्टन हलका आणि चाल आखूड असते. १९८५ साली भारतात आलेल्या हीरो होंडा सीडी १०० व तिच्या वंशातील स्प्लेंडर या गाडीत व्यास ५० आणि चाल ४९.५ मिलिमीटर आहे. १२० ग्रॅम वस्तुमान धरून मिनिटाला ६००० फेऱ्यांना बल सुमारे ११७० न्यूटन येते. बल लहान आहे, परंतु ते सेकंदाला शंभर वेळा फिरते आणि ज्या चौकटीला ते हलविते तीही तेवढीच हलकी आहे. म्हणून लहान गाडी आपोआप आरामशीर ठरत नाही.

संतुलनाचे गणित

हे बल नाहीसे करता येत नाही का, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. सर्वांत जुना उपाय म्हणजे क्रँकशाफ्टवर पिस्टनच्या विरुद्ध बाजूला वजन ठेवणे. परंतु पिस्टन एका रेषेत वर-खाली होतो, तर प्रतिभार वर्तुळात फिरतो. प्रतिभाराने पिस्टनचे संपूर्ण बल तोलावयाचे ठरविल्यास उभे कंपन जाते, परंतु तेवढेच कंपन आडव्या, पुढे-मागे दिशेने निर्माण होते. म्हणून व्यवहारात साधारणतः निम्मे बल तोलले जाते. तसे केल्याने कंपन संपत नाही, ते दोन दिशांत विभागले जाते. गाडीची चौकट कोणत्या दिशेत अधिक कणखर आहे हे पाहून उत्पादक हे प्रमाण कमी-अधिक करतात.

या निम्म्याच्या हिशेबामागे एक सुंदर भौमितिक वस्तुस्थिती आहे. एका रेषेत मागे-पुढे होणारे कोणतेही बल हे निम्म्या आकाराच्या दोन फिरत्या बलांची बेरीज म्हणून लिहिता येते, ज्यांपैकी एक क्रँकच्या दिशेने फिरते व दुसरे उलट दिशेने. क्रँकवरील निम्मा प्रतिभार यांपैकी पहिले बल रद्द करतो. उरलेले बल उलट फिरत असल्याने त्याला रद्द करण्यासाठी उलट फिरणारेच वजन हवे. हे काम संतुलक दांडा, म्हणजेच बॅलन्सर शाफ्ट करतो. गिअरने क्रँकशी जोडलेला हा दांडा क्रँकच्याच वेगाने पण विरुद्ध दिशेने फिरतो आणि प्राथमिक कंपन जवळजवळ पूर्णपणे शमविले जाते.

'जवळजवळ' म्हणण्याचे कारण असे की कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्यामुळे पिस्टनची गती शुद्ध आवर्ती नसते. त्यातून दुप्पट वारंवारितेचे एक दुय्यम बल निर्माण होते, जे प्राथमिक बलाच्या साधारण एक-चतुर्थांश असते. ते शमविण्यासाठी दुप्पट वेगाने फिरणारे दांडे लागतात. ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच मोटारींसाठी अशी योजना मांडली होती. एक सिलिंडरच्या मोटारसायकलीत ते सहसा परवडत नाही आणि दुय्यम कंपन तसेच राहते.

बुलेटच्या कुळात संतुलक दांडा फार उशिरा आला. २०२० साली मिटिऑर ३५० या गाडीबरोबर रॉयल एनफिल्डने ३४९ सीसीचे नवे इंजिन आणले. त्यात व्यास ७२ व चाल ८५.८ मिलिमीटर असून प्राथमिक कंपनासाठी संतुलक दांडा आहे. २०२१ मध्ये हेच इंजिन क्लासिक ३५० मध्ये व २०२३ मध्ये बुलेट ३५० मध्ये बसविण्यात आले. बाह्यरूप जवळपास तेच, घनफळ जवळपास तेच, शक्तीही जवळपास तेवढीच. तरीही महामार्गावर हँडलच्या मुठींना जाणवणारा फरक मोठा आहे. संतुलक दांडा काय करतो हे पाहण्यासाठी याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. पुण्याजवळ चाकण येथे तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकसारख्या गाड्यांत उच्च फेऱ्यांमुळे असा दांडा ही चैन राहत नाही, ती गरज ठरते.

उगमाशी कंपन न थांबविता त्याची वाट अडविणे हा दुसरा मार्ग. १९६७ साली ब्रिटनच्या नॉर्टन कमांडो या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स व मागील चाकाचा जोड ही सर्व एका गटात बांधून तो गट रबरी आधारांवर बसविला होता. समांतर दोन सिलिंडरचे ते इंजिन स्वभावतः फार कंप पावणारे होते, परंतु ठरावीक फेऱ्यांपलीकडे चालकापर्यंत त्यातील अल्पांशच पोहोचे. रबरी आधार झिजले की मात्र सारा लाभ नाहीसा होई. आजच्या गाड्यांतील हँडलच्या व फूटरेस्टच्या रबरांनाही हीच मर्यादा आहे. कडक झालेले रबर हे रबर राहत नाही.

अनुनाद : वेग हाच उपाय आणि वेग हाच दोष

येथवरच्या विवेचनावरून असे वाटेल की वेग जितका अधिक तितका त्रास अधिक. प्रत्यक्षात तसे नसते. अनेक चालकांना ७० ते ७५ च्या वेगात हात झिणझिणतात आणि ८० ओलांडल्यावर गाडी एकाएकी शांत होते असा अनुभव असतो. याचे कारण अनुनादात आहे.

हँडल म्हणजे मध्यभागी आवळलेली व दोन्ही टोकांना मोकळी असलेली पोलादी नळी. ध्वनिकाट्याप्रमाणे तिला स्वतःची नैसर्गिक वारंवारिता असते. इंजिनाच्या फेऱ्यांची वारंवारिता तिच्याशी जुळली की लहान बलानेही मोठे कंपन उठते, आणि ती वारंवारिता ओलांडली की कंपन ओसरते. एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेले उदाहरण घेऊ. एखाद्या गाडीत शेवटच्या गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटरला मिनिटाला ४५०० फेरे होतात, म्हणजे ७५ हर्ट्झ. ८० किलोमीटरला ६००० फेरे, म्हणजे १०० हर्ट्झ. हँडलची नैसर्गिक वारंवारिता ९५ हर्ट्झ असेल तर तिचा त्रासाचा वेग ७६ किलोमीटर ठरेल.

आता या गाडीवर बाजारात प्रचलित असलेले दोन उपाय करून पाहू. पहिला उपाय म्हणजे हँडलच्या टोकांना जड वजने लावणे. वजनामुळे टोकाचे प्रभावी वस्तुमान ३० टक्क्यांनी वाढले असे मानल्यास नैसर्गिक वारंवारिता ९५ वरून सुमारे ८३ हर्ट्झवर येते. म्हणजे त्रासाचा वेग ७६ वरून ६७ वर सरकतो. मुंबईच्या रस्त्याने ८० च्या वेगाने जाणाऱ्यास हा मोठा दिलासा आहे. परंतु सिन्नरहून रोज ६५-७० च्या वेगाने येणाऱ्या कामगाराने मित्राचे ऐकून तीच वजने लावली, तर त्याने पैसे देऊन त्रास विकत घेतल्यासारखे होईल.

दुसरा उपाय पुढील स्प्रॉकेटला एक दात वाढविण्याचा. चौदाऐवजी पंधरा दात केल्यास त्याच वेगाला फेरे सुमारे सात टक्क्यांनी कमी होतात. ८० किलोमीटरला ६००० ऐवजी ५६०० फेरे पडतात. बल कमी झाले, ही जमेची बाजू. पण ५६०० फेरे म्हणजे ९३ हर्ट्झ, आणि हँडलची वारंवारिता ९५. जो चालक ८० ला अनुनाद ओलांडून निवांत होता, तो आता नेमका त्याच्या ऐन मध्यावर येऊन बसला. एकाच उपायाबद्दल दोन चालक परस्परविरुद्ध अनुभव का सांगतात आणि दोघेही खरेच का बोलत असतात, याचा खुलासा यात आहे. असे उपाय कंपन काढून टाकत नाहीत, ते त्याची जागा बदलतात. म्हणून आपला नेहमीचा वेग कोणता आणि गाडीचा त्रासाचा वेग कोणता, हे ठरविल्याशिवाय एकही सुटा भाग विकत घेण्यात अर्थ नाही.

फेरे फार कमी ठेवणे हाही उपाय नव्हे. चार फटक्यांच्या एक सिलिंडर इंजिनात दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. कसारा घाटाच्या चढणीवर वरच्या गिअरचा आग्रह धरून फेरे १८०० पर्यंत खाली येऊ दिले, तर स्फोटांचे धक्के १५ हर्ट्झने बसतात. ही वारंवारिता हातांना सर्वाधिक जाणवणाऱ्या पट्ट्यात येते. तेथे एक गिअर खाली उतरणेच शहाणपणाचे.

कंपन इंजिनाचे की चाकाचे, हे ओळखण्याची एक साधी रीत आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर वेग तोच ठेवून एक गिअर खाली घ्यावा. कंपनाचा सूर बदलला तर ते इंजिनाचे. बदलला नाही तर चाकाचे, टायरचे किंवा बेअरिंगचे. सुमारे १.९५ मीटर परिघाचे चाक ताशी ८० किलोमीटरला सेकंदाला अकरा-साडेअकरा फेरे घेते. त्यामुळे हँडलची संथ, मोठी थरथर ही जवळजवळ नेहमी चाकाची असते आणि तिची दखल आरामाच्याही आधी सुरक्षिततेसाठी घ्यावी लागते.

हातांवरील परिणाम आणि मापन

कंपनाने बोटांना अपाय होतो हे वैद्यकशास्त्राला शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यात चुनखडी फोडणाऱ्या कामगारांची बोटे पांढरी पडत असल्याचे ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली नोंदविले. हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे हे त्याचे कारण होते. मोटारसायकलच्या बाबतीत १९९७ साली जपानमधील वाहतूक पोलिसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज दीर्घकाळ गाडी चालविणाऱ्या या पोलिसांत बोटे बधिर होणे, बोटे ताठरणे आणि खांदे आखडणे अशा तक्रारी दिसून आल्या.

हातातील कंपनाच्या मापनासाठी ५३४९-१ हे २००१ सालचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात सुमारे १६ हर्ट्झपर्यंतच्या कंपनाला जवळजवळ पूर्ण भार दिला जातो व पुढे वारंवारितेच्या प्रमाणात तो कमी केला जातो. ८० हर्ट्झला तो सुमारे एक-पंचमांश उरतो. मोटारसायकलचे इंजिन नेमके याच उच्च पट्ट्यात कंप पावते. बोटांच्या रक्तवाहिन्यांवर होणारा परिणाम या भारपद्धतीमुळे कमी लेखला जातो असा आक्षेप बराच काळ घेतला जात होता आणि २०१७ साली त्यासाठी पूरक भारपद्धती सुचविणारा तांत्रिक अहवाल त्याच संघटनेने प्रसिद्ध केला. बोटांच्या त्वचेखालील जे संवेदक कंपन टिपतात त्यांची संवेदनशीलता २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असते, हेही येथे लक्षात घ्यावे. इंजिनाचे दुय्यम कंपन बलाने लहान असूनही बोचते ते यामुळेच.

मात्रेच्या जोडीला काळाचाही हिशेब होतो. युरोपीय संघाच्या २००२ सालच्या निर्देशानुसार आठ तासांच्या कामासाठी हातांवरील कंपनाची दखलपात्र पातळी २.५ आणि कमाल मर्यादा ५ मीटर प्रति वर्ग सेकंद आहे. समजा, एखाद्या गाडीच्या मुठीवर भारित त्वरण ४ आहे. सिन्नरहून चाळीस मिनिटे येणाऱ्याचा आठ तासांशी समतुल्य आकडा सुमारे १.२ येतो. त्याच गाडीवर चार तासांत मुंबई गाठणाऱ्याचा २.८, म्हणजे दखलपात्र पातळीपलीकडे. आणि दिवसभर घरोघर वस्तू पोहोचविणाऱ्या तरुणाचा पूर्ण ४. गाडी एक, तीन माणसे तीन निरनिराळ्या धोक्यांत. हा निर्देश नोकरीतील कामगारांसाठी आहे. स्वतःच्या गाडीवर कामाला जाणाऱ्यास त्याचे संरक्षण मिळत नाही.

महाविद्यालयीन प्रकल्पांत अलीकडे मोबाईलमधील त्वरणमापकाने असे मापन करण्याची प्रथा पडली आहे. रस्त्याच्या कंपनासाठी ती उपयुक्त ठरू शकते. परंतु सेकंदाला १०० नोंदी घेणारा मापक ५० हर्ट्झच्या पुढचे कंपन ओळखू शकत नाही, उलट ते कमी वारंवारितेचे असल्याचा खोटा आभास निर्माण करतो. इंजिनाच्या कंपनासाठी मुठीवर घट्ट बसविलेला, तिन्ही अक्षांत मोजणारा स्वतंत्र संवेदकच हवा. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थांत अशी साधने असतात.

चालकाच्या हाती असलेल्या गोष्टी

मूठ जितकी घट्ट, तितके कंपन मनगटाच्या वर अधिक पोहोचते. ताशी ८० च्या पुढे वाऱ्याच्या दाबाने शरीर मागे रेटले जाते आणि चालक नकळत हँडलला लटकतो. किंचित पुढे झुकून गुडघ्यांनी टाकी धरल्यास हातांवरील हा भार हलका होतो. कंपनरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या हातमोज्यांकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नयेत. शंभर हर्ट्झच्या आसपासच्या कंपनावर त्यांचा परिणाम अल्प असतो. जाड अस्तरामुळे मूठ अधिक घट्ट धरावी लागल्यास फायद्याऐवजी तोटाच होतो.

हातमोज्यांचे खरे काम ऊब देण्याचे आहे, आणि नाशिक जिल्ह्यात ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. निफाड परिसराची गणना महाराष्ट्रातील सर्वाधिक थंड ठिकाणांत होते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारपेठेकडे मोटारसायकलने निघालेल्या शेतकऱ्याच्या बोटांतील रक्तवाहिन्या थंडीने आधीच आकुंचन पावलेल्या असतात. त्यावर कंपनाची भर पडली की बोटे लवकर सुन्न होतात. ब्रेक आणि क्लच याच बोटांनी दाबावयाचे असतात. अशा वेळी दर पाऊण-एक तासाने थांबून हात चोळणे, बोटे उघडमीट करणे हा वेळेचा अपव्यय ठरत नाही.

देखभालीत इंजिनाचे आधारबोल्ट, हँडलचे क्लँप आणि फूटरेस्टचे रबर यांची तपासणी सर्वांत आधी करावी. सैल बोल्टमुळे चौकटीची कणखरता घटते, तिची नैसर्गिक वारंवारिता खाली येते आणि पूर्वी शांत असलेला वेग एकाएकी त्रासाचा होतो. 'गाडी हल्ली व्हायब्रेट मारायला लागली' या तक्रारीत 'हल्ली' हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा आहे. इंजिन रातोरात बदलत नाही, बोल्ट सैल होतात.

विजेवर चालणाऱ्या दुचाकींत वर-खाली होणारा पिस्टनच नसल्याने या लेखातील निम्मा विषय तेथे निकाली निघतो. उरतो तो रस्ता. त्यातही बहुतेक विद्युत स्कूटरांची चाके मोटारसायकलच्या चाकांहून लहान असल्याने तोच खड्डा त्यांना अधिक खोल लागतो. बोटांच्या मुंग्या थांबतील, पण कंबरेसाठी टायरमधील हवा आठवड्यातून एकदा तपासण्याची गरज तशीच राहील.